बटनांच्या टायरविषयी भाचेबुवांस

नवापूर

चि. भाचेबुवांस,


ताईकडून सगळं कळलं. सुरतेत दिंडोलीहून उधन्याला कामावर सायकलने जातोस, रविवारी पलसाणा-बारडोलीकडे उसाच्या शेतांतले मुरमाचे रस्ते धुंडाळतोस आणि आता सायकलला जाड बटनांचे टायर चढवायचे मनात आहे. दिवाळीला नवापूरपर्यंत सायकलनेच येणार, असंही ऐकलं. जरूर ये. पण ते टायर घेऊ नकोस.

हिशेब तूच कर. आठवड्यातले सहा दिवस तुझं चाक डांबरावर नाहीतर सिमेंटवर फिरतं. मुरूम-खडी लागते ती एकच दिवस, तीही अर्धी वाट. बटन मऊ मातीत रुततं म्हणून तिथे पकड देतं. डांबरात ते रुतणार कुठे? प्रत्येक बटन दबतं, वाकतं, पुन्हा सरळ होतं, आणि या कवायतीत तुझ्या मांड्यांचा जोर खर्ची पडतो. पावसाळ्यात तरी बटनं हवीतच, असं दुकानदार सांगेल. ऐकू नकोस. सायकलचा टायर अरुंद आणि वेग बेताचा, त्यामुळे तो मोटारीसारखा पाण्यावर तरंगत नाही. ओल्या रस्त्याला जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड बरी. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं यांवर मात्र कुठलाच टायर भरवशाचा नाही. तिथे सावकाश जायचं आणि ब्रेक दाबायचा नाही.

तुला हवा तो टायर मधोमध जवळजवळ गुळगुळीत आणि दोन्ही कडांना बारीक बटनं असलेला. रुंदी १.७५ ते १.९५ इंच. सरळ जाताना मधली पट्टी चालते, खडीवर वळताना कडेची बटनं कामाला येतात. भर पावसात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर शिरलास तर यानेही भागणार नाही. ती माती टायरला थरावर थर चिकटते, मडगार्डखाली भरते आणि चाक जागच्या जागी अडतं. मग खाली उतरून काडीने उकरत बसायचं. टायर जाड असला तर मडगार्डखाली काडी घालण्यापुरतीही फट उरत नाही.

आता आकड्यांकडे नीट लक्ष दे, कारण माणसं फसतात ती इथेच. तुझी सायकल २६ इंची. पण दुकानात नुसतं ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हणालास तर साध्या सायकलचा २६ × १ ३/८ सुद्धा हातात पडू शकतो. तो ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो आणि तुझी रिम आहे ५५९ ची. नाव एक, फरक ३१ मिलिमीटरचा; कितीही खटपट केलीस तरी बसणार नाही. टायरच्या बाजूवर ४७-५५९ किंवा ५०-५५९ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा. दुसरा जुळला तरच पुढे बोलायचं. २७.५ इंचीला तोच आकडा ५८४ असतो आणि २९ इंचीला ६२२.

दोन्ही टायर एकदम परवडत नसतील तर एकच घे आणि पुढे लाव. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस आडवाच. मागचा टायर झिजतोही लवकर. तो गुळगुळीत झाला की पुढचा मागे टाकायचा आणि नवा पुढे. बाजूवर बाण असेल तर तो चाक फिरतं त्या दिशेला ठेव.

हवेकडे तर कुणी बघतच नाही. हवा कमी ठेवून खड्ड्याच्या काठावर आदळलास की ट्यूब खड्ड्याचा काठ आणि रिमच्या दोन कडा यांच्यामध्ये चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाला काटा शोधत बसतो, काटा नसतोच. तुझ्या पासष्ट-सत्तर किलोंना मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआयपासून सुरुवात कर. खडीवर दोन्हीकडे पाच-सात कमी चालतील. बाजूवर लिहिलेली मर्यादा ओलांडायची नाही. पेट्रोल पंपावर भरत असशील तर थांबत थांबत भर, सायकलची ट्यूब क्षणात फुगते.

बांधावर वेडी बाभूळ असतेच, तेव्हा आत काटारोधक पट्टा असलेला टायर मिळाला तर शे-दोनशे रुपये जास्त दे. नक्षीसाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नकोस.

दिवाळीची वाट कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड अशी. शंभराच्या वर किलोमीटर होतात आणि जवळजवळ सगळं डांबर. बारडोलीला स्वराज आश्रमापाशी दम खा. सोनगड सोडलं की चढ-उतार लागतात. थकलास तर सुरत-भुसावळ लाईन रस्त्याच्या आसपासच आहे, गाडीने यायला लाज कसली! आमच्या स्टेशनात गुजरात-महाराष्ट्राची हद्द फलाटावरूनच जाते. मी महाराष्ट्राच्या बाजूला उभा असेन.

दुकानात जाण्याआधी जुन्या टायरच्या बाजूवरच्या आकड्यांचा फोटो काढून मला पाठव. मी बघून होय म्हणेपर्यंत पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा