जवळच्या वाटेचा भुर्दंड

सुरतजवळच्या चलथाणहून एक रस्ता मुंबईकडे जातो, एक अहमदाबादकडे, आणि उधना–जळगाव रेल्वेमार्ग सरळ खानदेशात शिरतो. नवापूर, नंदुरबार, धुळ्याची कितीतरी कुटुंबे पोटासाठी याच वाटेने सुरतेच्या आसपास येऊन राहिली. त्यांत ख्रिस्ती घरेही आहेत. लांबचा वळसा टाळायला उलट्या बाजूने घातलेली दुचाकी, पूल सोडून रुळांवरून चालणारी माणसे, हे कोणत्याही महामार्गावरच्या गावाप्रमाणे इथलेही रोजचे चित्र. सहसा काही होत नाही. म्हणूनच सवय लागते.

पण जवळच्या वाटेचा खर्च कधी रद्द होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. चलथाणपासून फार दूर नसलेल्या सचिन गावाच्या औद्योगिक वसाहतीत 6 जानेवारी 2022 च्या पहाटे एका टँकरमधले घातक रसायन नाल्यात सोडले जात होते. विषारी वायू झाला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार मेले. असे रसायन रीतसर निकामी करायचे तर तपासणी, मान्यताप्राप्त केंद्रापर्यंतची वाहतूक, प्रक्रियेचे शुल्क हे सगळे आले. ते कुणीतरी वाचवले. जे मेले, त्यांना या व्यवहाराची खबरही नव्हती.

सगळ्याच जवळच्या वाटा मात्र एका मापाने मोजू नयेत. ऊसतोडीचा मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढचे महिने गहाण टाकतो, तेव्हा त्याच्यापुढे दुसरी वाट नसते. त्याला दूरदृष्टीचे धडे देणे मला निर्दयपणाचे वाटते. प्रश्न विचारायचा तो ज्याला लांबची वाट परवडत होती, त्याला.

ख्रिस्ती माणसासाठी हा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण वरवर पाहता त्याचा विश्वासच मोठ्या सवलतीवर उभा आहे. येशूशेजारी खिळलेला गुन्हेगार शेवटच्या घटकेला एक विनवणी करतो आणि त्याला सुखलोकाचे वचन मिळते. आयुष्यभराची साधना नाही, प्रायश्चित्त नाही. मग ही जवळची वाट नव्हे तर काय?

फरक किंमत कोण देतो यात आहे. नाल्यात विष सोडणारा आपला खर्च अजाण माणसावर लोटतो. वधस्तंभावरचा येशू दुसऱ्याचा भार जाणूनबुजून स्वतःवर घेतो. अरण्यात सैतानाने त्याला ऐश्वर्याची सोपी वाट दाखवली होती: एकदा पाया पड, सगळी राज्ये तुझी. ती त्याने नाकारली. म्हणून क्षमा फुकट मिळते, पण ती स्वस्त नाही. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बॉनहोफर यांनी 1937 साली स्वस्त कृपेवर कठोर लिहिले, ते याच कारणाने. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय हे ओळखतो. येशू घरी आल्यावर तो नुसते डोळे पुसत नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करीन म्हणतो. रविवारी क्षमा मागून सोमवारी मजुराचा पगार अडवणाऱ्याने ही गोष्ट अर्धीच ऐकलेली असते.

मराठीत लांबची वाट स्वतःहून घेण्याचे सर्वांत उंच उदाहरण पंडिता रमाबाईंचे. बायबलचे मराठी भाषांतर उपलब्ध होते. नवे करायचे तरी इंग्रजीवरून पटकन झाले असते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये परित्यक्ता, दुष्काळातून वाचलेल्या मुली यांचा संसार सांभाळत त्यांनी सुमारे 18 वर्षे हे काम केले. अल्पशिक्षित बाईलाही कळेल असे मराठी त्यांना हवे होते. छपाईचे कामही मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. ग्रंथ 1924 साली निघाला. जवळची वाट घेणारा स्वतःचे अंतर कमी करून दुसऱ्याचे वाढवतो. रमाबाईंनी स्वतःचे वाढवले, कारण त्यांच्यामागून येणारीचे कमी व्हावे.

मंडळीत बसणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, पुढची प्रार्थना करण्याआधी आपल्या सोयीची किंमत कोण मोजतो आहे ते शोधा; आणि तो माणूस सापडला, तर त्याचे देणे आधी फेडा.