शेजारच्या बंद दाराआड



जुलै महिन्याचा चौथा रविवार ख्रिस्तसभा आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळते. पोप फ्रान्सिस यांनी हा दिवस २०२१ साली सुरू केला आणि २५ जुलै २०२१ रोजी तो प्रथम साजरा झाला. त्या पहिल्या वर्षासाठी त्यांनी विषय निवडला होता मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस प्रभू येशूने शिष्यांना दिलेल्या आश्वासनाचा: मी सदैव तुमच्याबरोबर आहे. तेव्हा आपल्याकडे कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. चर्चला कुलूप होते. कित्येक घरांत एकच माणूस, एकच ताट आणि एकच खुर्ची उरली होती.

आज चर्च उघडे आहे, बाकडी भरलेली आहेत, मास्क कपाटात गेले आहेत. मग महामारीची आठवण आता कशाला, असे कोणी विचारील. मला ती काढावीशी वाटते, कारण रोग गेला तरी त्या काळात बंद झालेली काही दारे अजून उघडलेली नाहीत. शिवाय त्या काळातले माझे एक कर्ज बाकी आहे. आज ते तुमच्यासमोर मांडतो.

एप्रिल २०२१. तेव्हा मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. तिथे एक निवृत्त काका एकटेच राहत. पत्नी देवाघरी गेलेली, मुले परदेशी. रोज सायंकाळची घंटा झाली की पाच मिनिटांत त्यांचा फोन यायचा. बोलणे तेच तेच: विहिरीचे पाणी, केळीला लागलेला घड, मुलाचा व्हिडिओ कॉल आला की नाही. सुरुवातीला मी मन लावून ऐकत असे. पण त्या महिन्यात दिवसाला दोन-दोन, तीन-तीन अंत्यविधी होऊ लागले. एका संध्याकाळी दफनभूमीतून परतलो, पायही धुतले नव्हते, आणि फोन वाजला. मी नाव पाहिले आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशीही तसेच केले. तिसऱ्या दिवशी फोन आलाच नाही. खरे सांगतो, मला हायसे वाटले.

आठवड्याने कळले की काका तापाने पडले होते. देवाची कृपा, ते बरे झाले. मी माफी मागायला गेलो आणि फाटकाबाहेरूनच बोललो. ते म्हणाले, "फादर, माफी कसली? मला तुमच्याकडून काही नको होतं. दिवसभर तोंडातून एक शब्द निघत नसे. संध्याकाळी वाटायचं, आपला आवाज आहे की गेला, बघावं. म्हणून फोन लावायचो."

मी विचारले, "मग आजारपणात कोणी पाहिलं?" त्यांनी शेजारच्या घराकडे बोट दाखवले. त्या घरातली बाई आपल्या धर्माची नव्हे. ती रोज दुपारी ओट्यावर डबा ठेवायची आणि फाटकापाशी जाऊन हाक मारायची, "काका, जेवण ठेवलंय!" पण हाक मारून ती निघून जात नसे. काका दारात येऊन हात वर करीपर्यंत ती उन्हात उभी राहायची. काका म्हणाले, "डब्यापेक्षा त्या उभं राहण्यानं मी जगलो."

घरी परतताना लूकच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय माझ्या मागे लागला. चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण सर्वांना पाठ आहे. जखमी माणसाला पाहून रस्त्याच्या पलीकडून निघून जाणारा पहिला माणूस कोण होता? याजक. या दाखल्यावर मी अनेकदा प्रवचन केले आहे, पण त्यातली माझी जागा मला त्या दिवशी कळली. आणि थांबली कोण? जिच्याकडून कोणी अपेक्षा केली नव्हती ती.

पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी, महामारी ऐन भरात असताना, 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्रावर सही केली. त्याचा दुसरा अध्याय त्यांनी संपूर्णपणे याच दाखल्यावर लिहिला आहे. साथीच्या काळात जगाला काय सांगावे असा प्रश्न पडला तेव्हा त्यांना रस्त्याच्या कडेला थांबलेला तो परका माणूस आठवला, हे आपण लक्षात घ्यावे.

प्रिय बंधू-भगिनींनो, एकटे असणे आणि एकाकी असणे यांत फरक आहे. येशू प्रार्थनेसाठी पहाटे एकांतात जात असे. तो एकटा असे, पण एकाकी नसे, कारण पित्याशी त्याचा संवाद चालू असे. उलट योहानच्या पाचव्या अध्यायातला बेथेस्दा तळ्याकाठचा आजारी माणूस पाहा. आजूबाजूला रुग्णांची गर्दी आहे, आणि तो ३८ वर्षे आजाराने खिळलेला आहे. येशू त्याला विचारतो, तुला बरे व्हायचे आहे का? तो सरळ हो म्हणत नाही. पाणी हलते तेव्हा आपल्याला तळ्यात उतरवणारे कोणीच नाही, हे गाऱ्हाणे तो सांगतो. त्याचे पाय लुळे होते, पण त्याचे खरे दुखणे दुसरेच होते. गर्दीत असूनही त्याचे म्हणावे असे कोणी नव्हते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, हे ॲरिस्टॉटलचे मत आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक विचारवंताने त्यापुढे एक पाऊल टाकले. त्याच्या लेखनात 'उपलब्ध असणे' या कल्पनेला मोठे स्थान आहे. समोर बसलेला माणूसही मनाने उपलब्ध नसू शकतो, आणि दूर असलेला असू शकतो. पुस्तकात मला हे अवघड वाटले होते. फाटकाशी उन्हात उभ्या असलेल्या त्या बाईने ते सोपे करून सांगितले. तिच्या आणि काकांच्या मध्ये पूर्ण अंगणाचे अंतर होते, तरी ती त्यांच्यापाशी होती. माझ्या आणि काकांच्या मध्ये फक्त एक बटण होते, आणि मी नव्हतो.

साथीत अंतर पाळावेच लागते. पण अंतर म्हणजे विसर नव्हे, हे ख्रिस्तसभेला जुन्या काळापासून ठाऊक आहे. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला. तेव्हा तिथले आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी रस्त्यांच्या चौकांत वेदी उभारल्या, म्हणजे घरात अडकलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सेत भाग घेता यावा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वांद्रे आणि गिरगाव भागांतील गल्ल्यांतून आज दिसणारे कितीतरी क्रूस त्या संकटाच्या काळात उभारलेले आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १८९७ साली त्याच रोगाने गेल्या. देवाची माणसे आपल्या कुंपणापुरती नसतात.

संत दामियन यांची कथा तर आपण मुलांना अवश्य सांगावी. १८७३ साली ते मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी गेले. रोग्यांचे एकाकीपण त्यांनी दूर केले, पण त्यांच्या स्वतःच्या एकाकीपणाचे काय? एकदा त्यांचे वरिष्ठ धर्मगुरू जहाजाने आले. कप्तानाने त्यांना बेटावर उतरू दिले नाही आणि दामियन यांनाही जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा दामियन यांनी छोट्या होडीतून, सर्वांच्या देखत, मोठ्या आवाजात आपले पापनिवेदन केले. सेवा करणाऱ्यालाही कोणीतरी लागते. कोरोनाच्या काळात इस्पितळात राबलेल्या आपल्या परिचारिका, घरोघरी फिरलेल्या आशाताई, आजारी आईवडिलांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या लेकी-सुना यांना आपण कधी विचारतो का, "तुझं कसं चाललंय?"

आपल्या वाड्यांत आणि इमारतींत आज एकाकी कोण आहे? वृद्ध तर आहेतच. ज्यांच्या माणसाला कोरोनाने नेले आणि मोजक्याच लोकांत घाईघाईने मूठमाती द्यावी लागली, ज्यांना शेवटचा चेहराही दिसला नाही, त्यांचे रडणे आतच राहिले आहे. भाड्याच्या खोलीत राहणारी परप्रांतीय कुटुंबे आहेत. ती शेवटच्या बाकड्यावर बसतात आणि आशीर्वाद होताच निघून जातात. घरात दिवसभर मोबाइलशी बोलणारी तरुण मुले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे. मिस्सेत आपल्या बाकड्यावर साधारण सहा जण बसतात. मान वळवून पाहा.

आता करायचे काय? मोठ्या योजना नकोत. चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या भागात एकटे राहणाऱ्यांची यादी करावी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. प्रत्येक नावासमोर एका घराचे नाव लिहावे. 'सर्वांनी लक्ष ठेवा' म्हटले की कोणीच ठेवत नाही.

दुसरी, वेळ ठरवून फोन करावा किंवा जावे. एकट्या माणसाला मोठ्या भेटीपेक्षा ठरलेली भेट मोलाची वाटते, कारण तिची वाट पाहता येते.

तिसरी, जाल तेव्हा उपदेश करू नका आणि फोटो काढू नका. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी ऐका.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांच्याकडे काहीतरी मागा. योहानच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री ऐन दुपारी एकटीच विहिरीवर येते. येशू तिला आधी काही देत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. मागितल्यामुळे तिचा मान वाढतो, आणि बोलणे सुरू होते. आजीकडे लोणच्याची कृती मागा, जुनी गाणी मागा. आबांना सांगा, "माझ्या मुलाच्या परीक्षेसाठी रोज एक जपमाळ म्हणा." आपण कोणाला तरी हवे आहोत, हे कळले की माणूस पुन्हा उठून बसतो.

आणि जे स्वतः एकाकी आहेत त्यांना एक विनंती. संकोच करू नका. हाक मारणे म्हणजे भीक मागणे नव्हे. बेथेस्दाच्या त्या माणसाने आपले गाऱ्हाणे येशूला सांगितले आणि येशूने ते ऐकले. माझा फोन नंबर तुमच्याकडे आहे. सायंकाळच्या घंटेनंतर तो आता उपडा ठेवलेला नसतो. कधी अंत्यविधीत असलो तर रात्री जेवणाआधी मीच उलट फोन करीन.

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर चौकात, एकटे चालत आले. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमकरांनी मिरवणुकीने नेलेला क्रूस तिथे ठेवला होता. वादळात सापडलेल्या शिष्यांच्या होडीचे वाचन झाले. सर्वजण एकाच होडीत आहोत, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी पित्याच्या घरी गेले, पण होडी तीच आहे. तिच्यात आपल्या शेजारी कोण बसले आहे, हे पाहण्याचे काम आपले आहे.

आज मिस्सा संपल्यावर थेट घरी जाऊ नका. वाटेत एका दारापाशी थांबा. हाक मारा. आणि आतून कोणी बाहेर येईपर्यंत उभे राहा.

हे प्रभू येशू, गेथशेमनीच्या बागेत तुझे मित्र झोपी गेले आणि तू एकाकीपण सोसलेस. आमच्या धर्मग्रामात कोणाच्याही वाट्याला तशी रात्र येऊ देऊ नकोस. आम्हांला जागे ठेव. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू