गीअरबॉक्स आणि वस्तूचे स्वत्व

१९६१ साली अवतरलेल्या इंग्लिश जॅग्वार ई-टाइप मोटारीच्या ओळखपट्टीवर चॅसिस, इंजिन व बॉडी यांच्या क्रमांकांबरोबर गीअरबॉक्सचाही क्रमांक नोंदलेला असतो. आणि म्हणूनच तो गीअरबॉक्स दुरुस्त करावा की बदलावा, हा प्रश्न निव्वळ खर्चाचा न राहता स्वत्वाचा होऊन बसतो.

खर्चाचा अजमासही सोपा नाही. पेटी उघडल्यावाचून दात्यांची झीज किती, हे कोणताही कारागीर शपथेवर सांगणार नाही. बेअरिंगे बदलून भागले तर ठीक, पण दातेच झिजले असतील तर पहिला अंदाज कोठल्या कोठे जातो. उलट पाच गतींचा आधुनिक गीअरबॉक्स ठरल्या किमतीत व हमीसह मिळतो, शिवाय आरंभीच्या मोटारींतील, पहिल्या गीअरला सिंक्रोमेश (दात्यांच्या गती जुळवून गीअर अलगद पाडणारी योजना) नसलेल्या मूळ पेटीहून तो, खरे बोलायचे तर, पुष्कळच सुखावह.

राहिला स्वत्वाचा प्रश्न. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू यवनराजा मिलिंदाला विचारतो की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. आणि या सर्वांच्या आश्रयाने ‘रथ’ हा केवळ व्यवहार चालतो, असे त्याच्याच मुखातून वदवितो. हे मान्य केले की क्रमांकाचा दरारा ओसरतो, नाहीसा मात्र होत नाही, कारण व्यवहारालाही दफ्तर लागते. आणि गंमत अशी की, दुरुस्त पेटीच्या जुन्या कवचावर क्रमांक कायम असला, तरी आतील कित्येक भाग नवेच असतात. तेव्हा ज्याला मोटार रोज चालवायची आहे त्याने नवा गीअरबॉक्स खुशाल बसवावा. जुना मात्र भंगारात न घालता क्रमांकासह जतन करावा.