शून्य आणि रिकामा रकाना

मागच्या जानेवारीत एका रविवारी, पुण्याच्या पाषाण तलावावर, मी दोन बदकं जवळजवळ जन्माला घातली होती.

सकाळचे सात वाजलेले. पाण्यावर धुकं, नाकात सांडपाण्याचा वास, काठाला जलपर्णीचा हिरवा गालिचा. १९८७पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. हौशी लोक आपापलं तळं वाटून घेतात आणि मोजतात. माझ्यासोबत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांच्याकडे वही, माझ्याकडे मोबाइल.

आधी वारकरी मोजले. (पक्ष्याचंच नाव आहे. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा.) ते मधेच बुडी मारतात, त्यामुळे तीनदा मोजून तीन आकडे आले : ६३, ५८, ६६. काकांनी तिन्ही लिहून ठेवले.

मग थापट्या. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारं, पसरट फावड्यासारख्या चोचीचं बदक. आदल्या वर्षी मी इथेच पाहिलं होतं. या वेळी तासभर शोधूनही एक नाही. पलीकडच्या काठाला दोन तपकिरी बदकं झोपलेली दिसली आणि मी टाइप केलं : थापट्या, २.

"चोच दिसली का?" काकांनी विचारलं.

"नाही. मान पाठीत खुपसलीय."

"मग कशावरून म्हणतोस?"

"काका, मागच्या वर्षी होते की! आणि एकही नाही म्हटलं, तर लोक म्हणतील तळं संपलंच आहे, आता कशाला वाचवायचं?"

काका काही बोलले नाहीत. दुर्बीण डोळ्याला लावून बसून राहिले.

माझा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. हेतू चांगला, नुकसान कुणाचंच नाही. रामसर करारात २०,००० पाणपक्षी नियमितपणे असणारी पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानता येते. त्या हिशेबात माझी दोन बदकं म्हणजे किस झाड की पत्ती!

पण तेव्हा मला ऑफिसमधली एक गोष्ट आठवली. एकदा आमच्या डॅशबोर्डवर दोन दिवस एरर शून्य दिसत होते. आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी कळलं, मीच केलेल्या एका बदलामुळे एररची नोंदच बंद पडली होती. म्हणजे ते शून्य नव्हतंच, तो रिकामा रकाना होता. प्रोग्रामिंगमध्ये हा फरक पहिल्या वर्षी शिकवतात : शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं, रिकामं म्हणजे पाहिलंच नाही.

तलावावर मी याहून वाईट करत होतो. पाहिलं होतं, नव्हतं, आणि तरी 'आहे' लिहीत होतो.

यात नुकसान कुणाचं? जे थापटे आले नाहीत, त्यांचं. त्यांचं न येणं हीच त्यांची एकमेव तक्रार, आणि ती नोंदवायला त्या सकाळी आम्ही दोघंच हजर होतो. तळ्याची बाजू घेतो म्हणत मी तळ्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा पुसत होतो. दहा वर्षांनी कुणी आलेख काढला, तर माझ्या दोन बदकांमुळे घसरण थोडी उशिरा दिसली असती. दयेपोटी रिपोर्टमधली साखर कमी लिहिणाऱ्या लॅबवाल्यासारखं हे.

आता दुसरी बाजूही खरी आहे. खरा आकडा तळं वाचवेलच असं नाही. त्याच आकड्यावर बोट ठेवून कुणी म्हणेल, पक्षी नाहीत, मग भराव टाकू. मोजणं म्हणजे वाचवणं नव्हे. अचूक नोंदी असलेलं तळंही मरू शकतं. पण त्यासाठी भांडायचं ते आकड्याच्या बाहेर, स्वतःच्या नावानं, मोठ्या आवाजात. आकड्याच्या आत शिरून गुपचूप नाही.

आम्ही आणखी वीस मिनिटं थांबलो. त्या दोघांनी शेवटपर्यंत मान वर काढली नाही.

मी नोंद बदलली : बदक, ओळख अनिश्चित, २. ई-बर्ड शेवटी विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? 'हो' म्हटलं की यादीत नसलेला पक्षीसुद्धा माहिती ठरतो. त्या एका शब्दात बरीच शून्यं दडलेली असतात.

काकांनी वहीत थापट्यापुढे गोल शून्य काढलं. मी 'हो' दाबलं. मग आम्ही चहाला गेलो.