चाकावरची झीज
सव म्हटले की गरम पाण्याची कुंडे आठवतात. कातडीचे विकार तिथे बरे होतात, अशी श्रद्धा आहे. सवच्या आमच्या तात्यांच्या १९६५ च्या फियाटचे स्टिअरिंगही कातडीनेच आजारी आहे, जागोजाग तडे! त्याला मात्र कुंड चालत नाही. तडा कोरून रुंद करायचा, इपॉक्सीची लांबी भरायची, घासायचे, रंगवायचे.

मुळात चाक त्याच गाडीचे का, हा वाद होता. मिस्त्रीने आतले दाते मोजले, हॉर्नची कडी बसवून पाहिली. ठरले, कुर्ल्याच्या 'डिलाइट'चेच! बाकी इंजिन दुसरे, दरवाजे तिसरीचे. थिसिअसच्या जहाजाच्या फळ्या बदलल्या तेव्हा ग्रीक पंडितही असेच भांडले, असे प्लुटार्क सांगतो. त्यांना निदान मिस्त्रीचे बिल नव्हते.

तात्यांच्या वडिलांचे अंगठे टेकून टेकून चाकाला दोन खळगे पडलेत. मिस्त्री म्हणतो, "तेही भरतो, नव्यासारखं दिसंल."

मला विचाराल तर तडे जरूर बुजवा. पाणी शिरून आतले पोलाद गंजते. पण खळगे कशाला? तडा काळाने पाडला, खळगा माणसाने. तात्यांना पटले. पण तेवढी जागा राखून रंगवायचे तर मजुरी जास्त, म्हणे. सध्या घासाघीस चालू आहे; चाकाची नव्हे, दराची.