वहिवाट

परदेशात बरीच वर्षे राहिलेल्या आपल्या माणसांना ‘तुम्ही या देशाचे कोण?’ असे विचारले, तर बहुतेक जण ‘आम्ही इथले पाहुणे’ असे उत्तर देतात. उत्तर विनयाचे आहे, आणि विनय हा गुण आहे, याबद्दल वाद नाही. तरीही नीतीच्या दृष्टीने या विनयात काही खोट आहे, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. ती नेमकी कोठे आहे, हे मला ग्रंथांपेक्षा इंग्लंडातल्या पाऊलवाटांनी अधिक स्पष्ट करून सांगितले.

मी उत्तर इंग्लंडात राहतो. आठवडाभर नोकरी, मंगळवारी कचऱ्याचे डबे दाराबाहेर, हिवाळ्यात चार वाजताच पडणारा अंधार, असे चारचौघांसारखे आयुष्य आहे. सुटीच्या दिवशी मात्र मी लांब चालायला जातो. येथे ज्याला ‘पब्लिक फूटपाथ’ म्हणतात, तो शहरातल्या रस्त्याकडेचा पदपथ नव्हे. खासगी शेतांतून, कुरणांतून, कधी कोणाच्या परसाला खेटून जाणारी ती वाट असते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा लोकांच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. जमीन मालकाची, मेंढ्या मालकाच्या, गवतही त्याचेच. पण वाटेने जाण्याचा हक्क सर्वांचा. त्या ‘सर्वां’मध्ये कोण कोण येतात, हे विचारायला फाटकावर कोणी बसलेला नसतो.

हा हक्क येतो कोठून? काही वाटा करारांनी झाल्या, काही हुकमांनी. परंतु पुष्कळशा नुसत्या चालण्याने झाल्या आहेत. लोक एखाद्या वाटेने २० वर्षे अखंड ये-जा करीत राहिले, तर मालकाने ती लोकांना दिली असे कायदा धरून चालतो. १९८० च्या हायवेज ॲक्टात तसे कलमच आहे. आपल्याकडे यालाच ‘वहिवाट’ म्हणतात. बांधावरच्या वाटेचे भांडण घेऊन तहसील कचेरीत गेलेल्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही.

या वहिवाटीला तीन अटी आहेत, आणि त्या रोमन कायद्यापासून चालत आलेल्या आहेत. ही ये-जा बळजोरीने झालेली नसावी, लपूनछपून झालेली नसावी, आणि परवानगीने झालेली नसावी. पहिल्या दोन अटी कोणालाही पटतील. तिसरी ऐकताच मात्र माणूस थबकतो. परवानगी घेऊन चालणे हे तर सज्जनाचे लक्षण! पण कायद्याचे म्हणणे सरळ आहे. दिलेली परवानगी काढूनही घेता येते. तिच्यावर हक्क उभा राहत नाही. म्हणून धोरणी मालक ‘ही वाट आमच्या परवानगीने खुली आहे’ अशी पाटी लावतात, किंवा वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप घालतात.

परक्या देशात राहण्याच्याही याच तीन तऱ्हा आहेत. १९४७ पर्यंत इंग्रज भारतात राहिले ते पहिल्या तऱ्हेने. आवाज खाली ठेवून, नाव तोडून सांगून, डबा कोपऱ्यात उघडून राहणे ही दुसरी. पाहुणा म्हणून राहणे ही तिसरी. आपण अतिथीला देवाच्या जागी बसविले आहे, त्यामुळे ही भूमिका आपल्याला गोड वाटते. पण पाहुण्याला मान असतो, जबाबदारी नसते. घराचे कौल फुटले तर तो छपरावर चढत नाही.

मोठी गंमत अशी की, हा कायमचा पाहुणा गावी गेला म्हणजे तेथेही पाहुणाच असतो. गावची नदी नासली तर ‘आम्ही आता तिकडे असतो’, आणि येथले वाचनालय बंद पडले तर ‘आपण पडलो परके’. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, तो राष्ट्रकुलातला असल्यामुळे, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत आहे. भारतातही २०१० च्या दुरुस्तीने त्याला स्वतः हजर राहून मत देण्याची सोय झाली आहे. दोन देशांच्या कायद्यांनी ज्याला घरचा मानला, त्याने दोन्हीकडे पाहुणा म्हणवून घ्यावे, याला विनय म्हणणे कठीण आहे. ती जबाबदारीतून केलेली सुटका आहे.

“‘परत जा’ असे ज्याला बसमध्ये ऐकावे लागते, त्याने हक्काची भाषा कोणत्या तोंडाने बोलावी?” असे एका स्नेह्याने मला विचारले. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर मला किंडर स्काउट या डोंगरावर सापडते. पक्ष्यांच्या शिकारीसाठी मालकांनी तो लोकांना बंद ठेवला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो कामकरी तरुण राजरोस त्यावर चढले. राखणदारांशी झटापट झाली. ती झाली नसती तर बरे होते. पाच जणांना तुरुंगवास घडला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. आईवडील रुमानियातून येऊन मँचेस्टरला स्थायिक झालेले ज्यू. ‘तू इथला कोण?’ हा प्रश्न त्यालाही विचारता आला असता. त्याच डोंगराच्या पायथ्यापासून निघणारी ४३१ किलोमीटरांची पेनाइन वाट १९६५ साली, २४ एप्रिललाच, खुली झाली. २००२ साली डेव्हनशरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या त्या वेळच्या वागणुकीबद्दल जाहीर क्षमा मागितली. रॉथमन त्याच वर्षाच्या आरंभी वारला होता. ती ऐकायला तो राहिला नाही. वाट मात्र राहिली आहे, आणि परवाच आलेला परदेशी विद्यार्थीही तिच्यावरून जातो.

वहिवाट म्हणजे मालकी नव्हे, हे येथे विसरता कामा नये. वाटसरूला जमीन मिळत नाही, शेतातले पीक मिळत नाही. फाटक उघडे आढळले तर उघडे, बंद आढळले तर बंद ठेवून त्याने पुढे जायचे असते. शिवाय हा हक्क एकट्याचा नसतो. मागून येणाऱ्याचा तो आधीच झालेला असतो. पण वाट चालली नाही तर ब्लॅकबेरीची काटेरी जाळी दोन-तीन पावसाळ्यांत तिला गिळून टाकते. म्हणून कधी शनिवारी येथल्या स्वयंसेवकांबरोबर मीही कात्री घेऊन जातो. ती जाळी छाटताना कोणी मला मी कोठला असे विचारत नाही. पलीकडची फांदी धर, एवढेच सांगतो. जमीन कोणाची, हे सातबाऱ्यावर लिहिलेले सापडेल. वाट कोणामुळे टिकली, हे तेथे लिहिलेले नसते. मी येथे कोण, असे मला विचारले तर मी एवढेच म्हणेन, की मी येथे वहिवाटीने आहे. आणि गावाकडची वहिवाटही मला मोडू द्यायची नाही.