कुसळ

दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी माळावरून फिरून आलो, की ओट्यावर बसून पायजम्यातली कुसळे वेचीत बसणे हा माझा नित्यक्रम. पावसाळाभर हिरवीगार असलेली कुसळी याच दिवसांत पिकून तांबूस-पिवळी होते. घरची मंडळी मला हसतात. पण या गवताने मला एक प्रश्नही टोचून ठेवला आहे, तो मात्र असा वेचून टाकता येत नाही. हेतू चांगला असला, म्हणजे कृत्यही चांगले ठरते काय?

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मुलांना घेऊन मी गावामागच्या माळावर शंभर रोपे लावली. गावात त्या जागेला सारे पडीकच म्हणतात. पडीक जमीन हिरवी करण्यासारखे निर्मळ पुण्य दुसरे कोणते? मुलांनी कुसळीचे ठोंब उपटून बाजूला फेकले. मेंढरे घेऊन चाललेला एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून हे पाहत होता. म्हणाला, “गुरुजी, झाडं लावताय ते ब्येस. पन हितलं गवत कुटं जायाचं?”

मी म्हणालो, “बाबा, तुमच्याच मेंढरांच्या तोंडात ही कुसळं रुततात ना?”

“पिकल्यावर रुतत्यात. कवळं असतं तवा त्येच्यावरच जगत्यात की!”

मला उत्तर सुचले नाही. म्हणून मी गवताकडे नीट पाहू लागलो. कुसळीच्या दाण्याला सुईसारखे टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे लांब पीळदार शेपूट असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळला की पुन्हा बसतो. असा फिरत फिरत दाणा गिरमिटासारखा जमिनीत शिरतो आणि केसांमुळे मागे सरकत नाही. त्याला माती हवी असते. वाटेत आपला पायजमा येतो. उन्हाळ्यात वरचे सारे करपते, वणवाही फिरतो; पण मुळे जिवंत राहतात आणि पावसाबरोबर फुटतात. मुरमावरचा मातीचा पातळ थर असल्याच मुळांनी धरून ठेवलेला असतो. याच गवतात चंडोल घरटे करतो, काळवीट चरतो, लांडगा पिले वाढवतो. दाट सावली पडली, की मात्र कुसळी हटते.

आमच्याच जिल्ह्यात नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. हा पक्षी झाडावर बसत नाही. त्याला दूरवर नजर जाईल असे मोकळे गवत लागते. त्या भागातल्या गवताळ जमिनींवरही गिरिपुष्पाची झाडे लावली गेली. आज तेथे माळढोक क्वचितच दृष्टीस पडतो. त्याची कारणे अनेक आहेत. पण गवताला आपण रिकामी जागा समजलो, हेही त्यांतलेच एक.

पडीक हा शब्दच पाहा. जी जमीन आपल्या उपयोगी नाही ती पडीक. जणू जगात दुसऱ्या कुणाला पोटच नाही! मग झाडे लावू नयेत की काय? जरूर लावावीत, बांधावर, ओढ्याकाठी, शाळेच्या अंगणात. पण दान देण्यापूर्वी घेणाराची गरज विचारावी. न विचारता केलेल्या दानात पुष्कळदा दात्याचे कौतुकच अधिक असते.

आमची निम्मी रोपे पहिल्याच उन्हाळ्यात गेली. उरलेली पुढच्या पावसाळ्यात आम्ही मुळांच्या मातीसकट काढून शाळेच्या कुंपणालगत लावली. वर्षभर त्यांना पाणी घालणारी एक मुलगी हातातले रोप न सोडता म्हणाली, “सर, मागच्या वर्षी आपलं चुकलं होतं का?”

“आपलं नाही,” मी म्हणालो, “माझं.” वीस वर्षांच्या नोकरीत इतके छोटे उत्तर इतके जड कधी गेले नव्हते.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुलांना तिचा अर्थ सांगतो. यंदा लिहिताना खडू क्षणभर थांबला.